सोलरची गरम पाण्याची लाईन: कुठे एक इंची, कुठे पाऊण, कुठे अर्धा

थंडीच्या आत सोलर बसवायचा म्हटलं की घरात सगळी चर्चा टाकी किती लिटरची घ्यायची यावर होते, पाईपचं मात्र प्लंबरवर सोडून देतात, आणि मग डिसेंबरात नाशिकचा पारा दहाच्या खाली गेला की रोज सकाळी अर्धी बादली गार पाणी सोडून द्यायचं. गच्चीवर पाणी कडक तापलेलं असतं, पण रात्रभर पाईपात उभं राहिलेलं गार पाणी आधी बाहेर यावं लागतं ना.

हिशोब करून बघा. सीपीव्हीसीच्या (गरम पाण्याला चालणारा प्लॅस्टिकचा पाईप) एक इंची पाईपात १० फुटाला साधारण १.३ लिटर पाणी बसतं, पाऊण इंचीत पाऊण लिटर आणि अर्ध्या इंचीत लिटरच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्त. म्हणजे गच्चीपासून नळापर्यंत ५० फूट लाईन असेल तर एक इंचीत साडेसहा लिटर अडकलं, अर्ध्या इंचीत दोनच्या आत. म्हणून "सगळीकडे एक इंची टाकून घ्या, प्रेशर मस्त येईल" हा सल्ला गरम पाण्याला लागू होत नाही.

पण सगळीकडे बारीक टाकूनही चालत नाही, कारण आपल्याकडे पाणी बहुतेक नुसत्या उंचीवर येतं. ३३ फूट उंची म्हणजे जेमतेम १ बार प्रेशर. रो हाऊसमध्ये वरच्या मजल्याचा शॉवर आणि टाकीतली पाणीपातळी यात बऱ्याचदा ८-१० फूटच फरक असतो, म्हणजे पाव बार फक्त, तिथे बारीक पाईप आणि चार-पाच एल्बो (वळणाचे जोड) आले की शॉवरची धार मेलीच. पाऊण इंचीचा एक एल्बो साधारण २ फूट सरळ पाईपाइतकं प्रेशर खातो, म्हणून वळणं मोजा आणि शक्य तितकी कमी करा.

मी असं ठेवेन: सोलरच्या टाकीतून पहिल्या टीपर्यंत (लाईन जिथे फुटते तो तिहेरी जोड) एक इंची, तिथून वरच्या बाथरूमपर्यंत पाऊण, आणि भिंतीतून प्रत्येक नळाला शेवटचे ३-४ फूटच अर्धा इंची. खालच्या बाथरूमलाही पाऊण. किचन लांब असतं आणि तिथे सिंकचा एकच नळ, त्याला पहिल्या टीपासून वेगळी अर्धा इंची लाईन द्या, खाली उंची भरपूर मिळते त्यामुळे धार व्यवस्थित येते आणि दीड-दोन लिटरात गरम पाणी हातात. सोलर बसवतानाच तो बाथरूमच्या डक्टच्या (पाईप खाली उतरतात ती मोकळी जागा) शक्य तितका जवळ बसवा (तोंड दक्षिणेला आणि सावली नाही हे बघूनच), कारण वाचलेल्या प्रत्येक फुटाचा फायदा रोज मिळतो.

काही गोष्टींवर अजिबात तडजोड नको. गार पाण्याच्या टाकीचा तळ सोलरच्या टाकीच्या माथ्यापेक्षा फूटभर तरी वर हवा. सोलरच्या टाकीवरून निघणारी हवेची नळी गार टाकीच्या पाणीपातळीच्याही वर न्यायची आणि तिला कुठेही कॉक लावायचा नाही, उन्हाळ्यात वाफ तिथूनच जाते. गार पाणी आत जातं तिथे एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह) लावा. साधा पांढरा पीव्हीसी गरम लाईनला नकोच, तो मऊ पडतो. बोअरचं जड पाणी असेल तर क्षार साचतो, तेव्हा युनियन (खोलता येणारा जोड) द्या, उघडून साफ करता येईल.

प्रेशर पंपाचं नीट लक्षात घ्या. गार लाईनला पंप आणि गरम लाईन नुसत्या उंचीवर, असं असेल तर गरम-गार पाण्याचा मिक्सर नळ उघडला की गार पाणी गरम लाईनमध्ये घुसतं, आणि मग सोलर गरमच करत नाही अशी तक्रार सुरू होते. दोन्ही लाईन एकाच प्रेशरच्या पाहिजेत. आणि पंप सोलरच्या आधी लावायचा असेल तर टाकी प्रेशरवालीच घ्यावी लागते, साधी टाकी फुटते.

गरम झाला की सीपीव्हीसी वाढतो, १० मीटर सरळ लाईन आधीपेक्षा ४० अंशांनी जास्त तापली तर अडीच सेंटिमीटरच्या आसपास. म्हणून क्लॅम्प घट्ट आवळू नका, पाईप सरकला पाहिजे, आणि लांब सरळ लाईनमध्ये एक वळसा ठेवा. गच्चीवरच्या आणि बाहेरच्या भिंतीवरच्या पाईपाला काळी नायट्राइलची (रबरी फोमची) नळी चढवा, वर फॉईलची टेप गुंडाळा, नाहीतर उन्हाने तिचा दोन-तीन वर्षांत भुगा होतो. सोल्युशन लावलेल्या जोडाला पूर्ण सुकू द्या, मग सगळी तोंडं बंद करून टेस्टिंगच्या हातपंपाने प्रेशर देऊन गेजचा काटा खाली येतो का बघा, आणि हे सगळं टाईल्स लागायच्या आधी. खाच बुजवण्यापूर्वी भिंतीला टेप धरून फोटो काढून ठेवा, पुढे ड्रिल मारताना लागतात.