नॉलेज ग्राफमध्ये ‘हे किंवा ते’ लिहिताना या चुका टाळा

शिवाजी महाराजांच्या जन्मतारखेचा वाद घ्या. 6 एप्रिल 1627 की 19 फेब्रुवारी 1630? स्थळ दोन्हीकडे शिवनेरीच. वाक्यात एका ‘की’ने भागतं, पण आरडीएफमध्ये, म्हणजे नॉलेज ग्राफ (जोडलेल्या तथ्यांचं जाळं) लिहिण्याच्या प्रमाण पद्धतीत, या ‘की’ला जागाच नाही. तिथे लिहिलेलं प्रत्येक त्रिक (‘कोण–कोणता गुणधर्म–कोणतं मूल्य’ असं तीन भागांचं विधान) खरं धरलं जातं. दोन्ही तारखा सरळ जोडल्या, तर महाराज दोनदा जन्मले!

फटका क्वेरीत, म्हणजे ग्राफला प्रश्न विचारताना, बसतो. जन्मवर्ष आणि राज्याभिषेकाच्या दिवशीचं (6 जून 1674) वय मागा. प्रत्येक वर्षाची प्रत्येक वयाशी जोडी लागते आणि दोनाऐवजी चार ओळी येतात. 1630 ला 44 आणि 1627 ला 47 ठीक. पण 1627 ला 44 हे कुठलाच पक्ष म्हणत नाही. इथे ‘डिस्टिंक्ट’ (सारख्या ओळी गाळणारा शब्द) लावून काही होत नाही, दुखणं मॉडेलमध्ये आहे.

मग कोणीतरी सुचवतं, जन्मतारीख ‘फंक्शनल’ करा, म्हणजे तिला एकच मूल्य असतं असं जाहीर करा. तारखा साध्या मूल्यांत असतील तर रीझनर (नियमांवरून निष्कर्ष काढणारा प्रोग्रॅम) विसंगती दाखवतो. तारखांचे नोड (ग्राफमधले स्वतंत्र बिंदू) केले असतील तर जास्त वाईट: दोन्ही नोड एकच, असा निष्कर्ष तो गुपचूप काढतो. माझी एक आख्खी संध्याकाळ यात गेली आहे.

उपाय असा: प्रत्येक गृहीतकाला वेगळा नेम्ड ग्राफ (स्वतःचं नाव असलेला त्रिकांचा गट) द्या. तारीख आणि तिच्यावरून काढलेली वयं त्यात; शिवनेरी मात्र सामाईक ग्राफमध्ये. मग ‘पर्यायगट’ असा नोड करून दोन्ही ग्राफ त्याला जोडा आणि ‘यांपैकी एकच’ की ‘निदान एक’ ते नोंदवा. पर्यायगटाला स्वतःचा आयआरआय (वेब पत्त्यासारखी ओळख) असला की तो दुसऱ्या गटातही बसतो. या नोंदीचा अर्थ यंत्राला आपोआप कळत नाही, क्वेरीत तो तुम्हालाच पाळावा लागतो.

तरीही ओळी मिसळतात? काही डेटाबेस ग्राफचं नाव न घेता विचारलं तर सगळे ग्राफ एकत्र करून उत्तर देतात. सेटिंग तपासा. रीइफिकेशन (त्रिकालाच वस्तू मानून त्याच्याबद्दल लिहिणं) वापरत असाल तर मूळ त्रिक ‘सोयीसाठी’ वेगळं टाकलं आहे का, तेही पाहा. ते टाकलं की गृहीतकाचं विधान झालं.

आणि राज्य सरकारने 1630 ची तारीख स्वीकारली म्हणून 1627 चा ग्राफ पुसू नका, फक्त त्याचा दर्जा बदला. जुन्या पुस्तकांतली वयं त्याच वर्षावरून मोजलेली असतात. ग्राफ पुसला, तर ‘राज्याभिषेकाच्या वेळी 47’ ही नोंद कुठून आली, ते कुणालाच सांगता येणार नाही.