मगर दारात येते तसं भूत कथेत यावं : अद्भुत कथा लिहिताना या चुका टाळा

2024 च्या ऑगस्टअखेर बडोद्याची विश्वामित्री नदी 35 फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी त्याच्या कितीतरी खाली, म्हणजे बाकीचं समजून घ्या. पाणी ओसरायला लागलं तसं ओळखीतल्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये मगर निघाली. स्कूटरच्या दोन चाकांच्या मधे तोंड खुपसून पडलेली. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी बारीतून, म्हणजे खिडकीतून, वाकून पाहिलं आणि विचारलं, "अगं बाई, ती स्कूटर कुणाची?" मग एकाने वनखात्याला फोन लावला, एकाने पोरांना जिन्यावर ओढून घेतलं, दोघांनी व्हिडिओ काढले आणि दूधवाला फाटकावरूनच ओरडला की आज पिशव्या इथेच ठेवतो. दीड तास कुणी खाली उतरलं नाही. पण "हे कसं शक्य आहे!" असंही कुणी म्हणालं नाही. बडोद्याच्या पावसाळ्यात मगर येते. ती आली की दिवस वाकडा होतो, इतकंच.

आमच्या मंडळाच्या हस्तलिखित दिवाळी अंकासाठी आलेल्या कथा मी गेली बरीच वर्षं वाचते. त्यात रोजच्या घरात भूत, देव, वेताळ किंवा बोलणारं कपाट शिरतं अशा कथा हल्ली निम्म्याहून जास्त असतात, आणि त्यातल्या बहुतेक एकाच जागी अडकतात. कथेतलं भूत लेखकाने छान रंगवलेलं असतं, पण "ती स्कूटर कुणाची" हे विचारणारी काकू कथेत नसते.

"त्याचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वासच बसेना"

हे वाक्य पहिल्या पानावर आलं की मी पेन्सिल उचलते. नायक डोळे चोळतो, चिमटा काढून बघतो, बायकोला हाक मारतो, तिलाही विश्वास बसत नाही, मग शेजारी येतात. तीन पानं गेली. वाचकाने तर शीर्षक वाचल्या वाचल्याच भूत मान्य केलेलं असतं, तो पुढे काय होतं याची वाट बघत ताटकळतो.

भीती वेगळी, अविश्वास वेगळा. मगर पाहून पाय आखडतो ती भीती. ती ठेवा, हवी तेवढी ठेवा. अविश्वास काढून टाका आणि कथा कुठून सुरू होते ते बघा. बहुतेकदा ती चौथ्या पानापासून सुरू होते.

याला एक रास्त अपवाद आहे. त्स्वेतान तोदोरोव्ह या फ्रान्समध्ये राहून लिहिणाऱ्या बल्गेरियन समीक्षकाने 1970 मध्ये म्हटलं होतं की अद्भुताचा जीव "हे खरं की भास" या हेलकाव्यात असतो. तशी कथा लिहायची असेल तर अवश्य लिहा, पण मग तो हेलकावा शेवटच्या ओळीपर्यंत पुरवून वापरावा लागतो. पहिल्या तीन पानांत तो उधळला आणि चौथ्या पानावर भूत चहा पीत बसलं, तर दोन्हीकडून नुकसान.

आणि ज्यांना वाटतं की आश्चर्याशिवाय अद्भुत कसं रंगेल, त्यांनी आजीने सांगितलेली श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी आठवावी. राजाने महादेवाचा गाभारा दुधाने भरायला सांगितला, गावाने घरचं सगळं दूध नेऊन ओतलं, पोरं-वासरं उपाशी राहिली, गाभारा भरला नाही. एक म्हातारी मात्र घरचं कामकाज उरकून, लेकरांना पाजून, वासरांना चारून दुपारी खुलभर दूध घेऊन गेली आणि गाभारा भरला. कहाणीत म्हातारीने आधी काय काय उरकलं याचीच यादी जास्त आहे. चमत्कार एका वाक्यात आटोपतो, आणि त्या यादीशिवाय तो घडलाच नसता.

घर कच्चं, भूत पक्कं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि दुसऱ्यांना नावं ठेवण्याआधी माझीच सांगते. माझ्या पहिल्या कथेचं पहिलं वाक्य असं होतं : "एका सामान्य मध्यमवर्गीय कुटुंबाच्या घरात सायंकाळच्या वेळी अचानक एक गूढ सावली अवतरली." एका अंकाकडे पाठवली. परत आली, आणि बरोबर चिठ्ठीत एकच ओळ : घर दिसत नाही. मला राग आला होता. सावली इतकी छान अवतरवली होती आणि यांना घर हवंय!

चिठ्ठीचं बरोबर होतं. "जादुई वास्तववाद" हा शब्द हल्ली कुठेही चिकटवतात, पण तो मुळात कथेसाठी आलेलाच नाही. फ्रांत्स रो या जर्मन कलासमीक्षकाने 1925 मध्ये तो चित्रांसाठी वापरला. साध्या वस्तू इतक्या रेखीव, इतक्या स्वच्छ रंगवलेल्या की त्याच अनोळखी वाटू लागाव्यात, अशी ती चित्रं. म्हणजे जादू आधी खुर्चीत, खिडकीत, भांड्यात दिसायला हवी. खुर्चीच धूसर असेल तर तिच्यावर बसलेलं भूत कुठे टेकणार?

मग मी तीच कथा पुन्हा लिहायला घेतली. सावली काढली आणि मुंजा आणला. मुंजा म्हणजे मुंज झालेला आणि सोडमुंजीआधी वारलेला मुलगा, राहतो पिंपळावर, हे मराठी वाचकाला सांगावं लागत नाही. माझ्या कथेत रस्ता रुंद करायला पिंपळ तोडला आणि हा आठ वर्षांचा पोरगा समोरच्या सोसायटीत तळमजल्यावर, एकट्या राहणाऱ्या निवृत्त शिक्षिकाबाईंकडे आला. आता मी गूढ वगैरे सगळं बाजूला ठेवलं आणि कागदावर हिशेब मांडला. दूध अर्धा लिटर जास्त. सकाळी नळ येतो तेव्हा बाईंना पिंप भरायचं असतं आणि याला आंघोळ करून संध्येला बसायचं असतं, म्हणजे रोजचं भांडण. कांदा-लसूण खात नाही, त्यामुळे भाजी दोन पातेल्यांत. आणि नाक्यावर सेव उसळीची लारी, म्हणजे हातगाडी. तर्रीचा वास संध्याकाळी सहा वाजता घरात येतो आणि पोरगं जाळीच्या दाराला नाक लावून उभं राहतं. उसळीत लसूण, त्यामुळे खाता येत नाही.

त्या जाळीला लागलेल्या नाकाने मला कथा दिली. ते लिहिल्यावर पोरगा फिकट दिसत होता का, त्याच्या पायांची बोटं उलटी होती का, हे लिहायची गरजच उरली नाही.

तुमची कथा अशी अडली असेल तर भुताची किराणा यादी करून बघा. तो काय खातो, कुठे झोपतो, त्याच्यामुळे घरात कुणाचं काय वाढतं, कुणाची कुठली जागा जाते, बाहेर कुणाला काय सांगून वेळ मारून न्यावी लागते. यादी पाच ओळींच्या पुढे सरकत नसेल तर तुम्हाला भूत माहीत आहे, घर माहीत नाही. उलटी तपासणीही करा. कथेतून भूत काढून त्याच्या जागी पंधरा दिवसांसाठी आलेला दूरचा भाचा ठेवा. सगळं तसंच चाललं तर भाच्यावरच कथा लिहा, भुताला उगाच त्रास देऊ नका.

नियम सांगू नका, मोडा

विक्रमाला एकच नियम होता. प्रेत खांद्यावर असताना बोलायचं नाही, बोललास तर वेताळ पुन्हा झाडावर. आणि त्यावर पेच असा की उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं होतील. एवढ्यावर पंचवीस गोष्टी चालल्या. आमच्याकडे मात्र अशा कथा येतात की पहिली दोन पानं नियमावली : अमावास्येला शक्ती वाढते, मिठाने कमी होते, आरशात दिसत नाही पण पाण्यात दिसते, मंगळवारी सुट्टी. सोसायटीच्या नोटीस बोर्डासारखं. दुसऱ्या टोकाला नियमच नसतात. मग लेखकाला अडचण आली की भूत भिंतीतून जातं आणि लेखकाला हवं तेव्हा त्याच भिंतीवर आपटतं.

एक नियम पुरे. माझ्या मुंजाला मी हा दिला : पिंपळाची सावली जिथवर पडायची तिथवरच त्याला जाता येतं. झाड गेलं, पण सावली त्याला पाठ आहे. मे महिन्यात पाच वाजता ती जेमतेम फाटकापर्यंत जायची. जानेवारीत पाचलाच रस्ता ओलांडून पूर्वेच्या नाक्यापर्यंत. म्हणजे उत्तरायणाच्या दिवशी, सगळं बडोदं गच्चीवर पतंगात असताना, तो लारीपर्यंत पोचू शकतो. हे मी कुठेही समजावून सांगितलेलं नाही. तो मे महिन्यात फाटकाशी थबकतो आणि बाई ओरडतात, "पुढे ये ना, काय झालं?" वाचकाला तेवढं कळतं.

भूत कुठल्या गावचं

बडोद्याच्या वाडी भागात कोकणातला देवचार बिडी ओढत उभा असतो, आणि सुरसागर तलावाच्या काठावर पाण्यातला गिऱ्हा मासे मागतो. का? लेखकाने लहानपणी कोकणातल्या गोष्टी वाचल्या म्हणून. इकडे खीजड्याच्या, म्हणजे आपल्या शमीच्या झाडाखाली मामादेवाचं ठाणं असतं, लोक त्याला मामा म्हणतात, ते कुणाच्या लक्षात येत नाही.

मराठी भूत बडोद्यात असू नये असं नाही. गायकवाडांबरोबर अठराव्या शतकात माणसं आली तशी त्यांची भुतंही आली असतील. पण मग ती इतकी वर्षं इथे राहिलीत ना! दांडिया बाजारातला मुंजा रिक्षावाल्याला "केटला थया?" असंच विचारणार, बाईंशी मराठीत भांडणार आणि रागावला की दोन्ही भाषा एका वाक्यात आणणार. आपण तेच करतो. पोथीतलं संस्कृतप्रचुर मराठी बोलणारं भूत दिसलं की मला वाटतं हा पुण्याहून शिकवणीला आलेला दिसतो.

याच्याच बाजूची चूक म्हणजे प्रत्येक कथा लक्ष्मी विलास पॅलेसवर नेणं. पॅलेसचा वास्तुविशारद मेजर चार्ल्स मँट 1881 मध्ये वारला, काम रॉबर्ट चिझम याने पुढे नेलं आणि 1890 मध्ये वास्तू पुरी झाली. गणित चुकलं, इमारत कोसळणार, या धास्तीने मँटने जीव दिला असं गावात सांगतात, आणि दरवर्षी एक तरी कथा येते ज्यात गोरा साहेब झुंबराखाली किंचाळतो. अहो, ज्याचं गणित चुकलं असं गाव म्हणतं तो किंचाळेल कशाला? तो टेप घेऊन मोजत बसेल. रात्रपाळीच्या पहारेकऱ्याला टेपचं दुसरं टोक धरायला लावेल. अशी कथा कुणी पाठवली तर मी अंकात पहिली घेईन.

भाषेचा आवाज बदलणं

कांदा चिरेपर्यंत साधं मराठी, आणि भूत आलं रे आलं की "अनामिक", "भयाण", "गूढरम्य", "नीरव". वाचकाला लगेच कळतं की आता घाबरायचं आहे, म्हणून तो घाबरत नाही. कांदा ज्या वाक्यात चिरला त्याच वाक्यात भूत आणा : "कांदा चिरून झाला तेव्हा पाटावर मुंजा बसलेला होता, त्याने ताट लांब सरकवलं." विशेषणं शोधून खोडा, क्रियापदं राहू द्या.

स्वप्नातून जाग येणं, गुरुजींनी शेवटी येऊन सगळा पूर्वजन्म समजावणं, डॉक्टरांनी औषधाचा परिणाम ठरवणं, यांवर वेगळं काय लिहू? नका करू.

रूपकाबद्दल मात्र एक शब्द. भूत म्हणजे बेकारी, हडळ म्हणजे समाज, असं आधी ठरवून लिहिलेली कथा तिसऱ्या ओळीत उघडी पडते. भुताला आधी भूत असू द्या. माझा मुंजा कशाचं प्रतीक आहे असं मला एका चर्चेत विचारलं होतं. तो आठ वर्षांचा आहे आणि त्याला उसळ हवी आहे, यापलीकडे मला सांगता आलं नाही.

शेवट मी चार वेळा लिहिला. पहिल्यांदा बाईंनी भटजी बोलावून त्याची सोडमुंज लावली आणि तो प्रकाशात विरून गेला. मंडळात सगळे "छान" म्हणाले आणि लगेच कोजागरीच्या वर्गणीवर बोलायला लागले. दुसऱ्यांदा बाईच वारल्या, ते जरा जास्तच झालं. तिसऱ्यांदा त्यांनी नवा पिंपळ लावला, आणि वाचताना मलाच पर्यावरण दिनाचं भाषण ऐकू आलं. चौथ्यांदा सोडमुंज झाली, भटजी दक्षिणा घेऊन गेले, आणि दुसऱ्या दिवशी दूध तितकंच लागलं. तिथेच थांबले.

अंक निघाल्यावर आठवड्याने खंडेराव मार्केटात भाजी घेताना एका ओळखीच्या मावशींनी मला हाताला धरून बाजूला घेतलं. म्हणाल्या, "सोडमुंज झाली ना त्याची, मग आता कांदा-लसूण चालतं की. खातो का गं उसळ?"

मी म्हटलं, "खातो. तर्री कमी घालून."