हास्केल या प्रोग्रामिंग भाषेत फिल्टर, लुकअपवरून कम्पायलर अडतोय?

डेटा.मॅप हे मॉड्यूल (तयार टाइप आणि फंक्शनांचा संच) अख्खं इम्पोर्ट केलं की फिल्टर, लुकअप, नल ही नावं प्रेल्यूडमधल्या (हे मॉड्यूल हास्केल आपोआप आणतं) नावांना धडकतात आणि वापरली रे वापरली की कम्पायलर 'अ‍ॅम्बिग्युअस' म्हणून अडून बसतो, म्हणजे नवी मुंबईत रिक्षावाल्याला नुसतं 'सेक्टर १०' सांगितल्यासारखं, वाशीचा की नेरूळचा?

१. टाइपचं नाव तेवढं कंसात घालून आणा: इम्पोर्ट डेटा.मॅप (मॅप)
२. बाकी सगळं टोपणनावाने: इम्पोर्ट क्वालिफाइड डेटा.मॅप अ‍ॅज एम, मग बिनधास्त एम.फिल्टर, एम.लुकअप लिहा

हायडिंगची, म्हणजे कुठली नावं आणायची नाहीत त्यांची, यादी करत बसू नका, ती वाढतच जाते (मी करून बसलोय).

फक्त दोन फंक्शनं टिंबाने जोडताना जस्ट.एफ असं चिकटवून लिहू नका, जस्ट नावाचं मॉड्यूल आहे असं कम्पायलर समजतो, टिंबाच्या दोन्ही बाजूंना स्पेस द्या.