गोफ सुटेपर्यंत पेन उघडू नका

कथकचं विशारद पूर्ण झालं त्याच वर्षी मला परीक्षक म्हणून पहिलं बोलावणं आलं. प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या 7 परीक्षा दिलेल्या, त्यामुळे परीक्षकांपुढे उभं राहायची सवय होती. त्यांच्या खुर्चीत मात्र कधी बसले नव्हते. काणकोणातल्या एका वाड्यावर शिगम्याची लोकनृत्य स्पर्धा होती. फोनवरचे गृहस्थ म्हणाले, "मॅडम, सगळी आमची गावचीच पोरं. जरा सांभाळून घ्या." सांभाळून घ्यायच्या तयारीनेच मी फोंड्याहून निघाले.

गोव्यात नाच शिकलेल्या प्रत्येकाला आज ना उद्या असा फोन येतो. चतुर्थीत फुगडीच्या स्पर्धा, फाल्गुनात शिगमो, मध्ये शाळांची गॅदरिंगं. मानधन पेट्रोलपुरतं असतं, नारळ आणि शाल वेगळी. तरी जा. पण मी गेले तसं जाऊ नका.

मी गेले ती गोफाबद्दल, म्हणजे नाचता नाचता दोऱ्यांची वेणी विणायच्या लोकनृत्याबद्दल, काहीही न वाचता, कोणालाही काही न विचारता. तीनतालाच्या 16 मात्रा पक्क्या असल्या की कुठलाही नाच तपासता येतो, असा माझा समज होता. करमल घाट उतरून बरोबर सातला पोचले, तर मांडवात खुर्च्या मांडायचं काम चालू होतं. कार्यक्रम सव्वानऊला सुरू झाला. मधले दोन तास मी चिडून इकडेतिकडे फिरले आणि आज म्हणेन, सगळ्यात जास्त त्याच वेळात शिकले. मांडवामागे एक म्हातारे वादक घुमटाचं तोंड शेकोटीपुढे धरून बसले होते. घुमट हे मातीचं तालवाद्य. पूर्वी त्याला घोरपडीचं कातडं लावत. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर ते चालत नाही, म्हणून आता बकऱ्याचं. दमट हवेत ते सैल पडतं, आवाज बसतो, मग पुन्हा शेकायचं. हे कळलं नसतं तर पहिल्याच पथकाला 'वाद्यं बेसूर' म्हणून मी गुण कापले असते. तेव्हा नव्यांनो, लवकर पोचा आणि स्टेजच्या मागच्या बाजूला जा.

सुरुवातीची पथकं पटापट सांगते. फुगडीची दोन होती. त्यातल्या एका पथकाच्या बायका शेवटच्या फेरीत तोंडाने 'फू' करत असा वेग घेत होत्या की पुढची मुलं मागे सरकली. एक समईनृत्य झालं, नीटस पण घाबरलेलं. एका पथकाने चक्क रेकॉर्ड लावली. पहिल्या पथकापासून मी प्रत्येक रकाना पेनाने भरत होते: ताल, पदन्यास, वेशभूषा, एकूण परिणाम.

मग गोफ आला. मांडवाच्या मधल्या वाशाला आठ रंगीत दोऱ्या बांधलेल्या, खाली आठ जण. एक गवंडी, दोघे हॉटेलात कामाला, एक बसचा कंडक्टर. निवेदकानेच ओळख करून दिली. घुमट, शामेळ, झांज आणि गाणारा एक. चार जण एका दिशेने, चार उलट्या. एकाला आतून टाळायचं, पुढच्याला बाहेरून. वरून वेणी विणली जाते आणि ती जसजशी खाली उतरते तशी हातातली दोरी आखूड होत जाते. वर्तुळ इतकं लहान होतं की शेवटी खांद्याला खांदा घासतो. पदन्यास साधा होता. मी मनात म्हटलं, पाच वर्षांच्या मुलींना याहून अवघड तत्कार देतो आम्ही.

तिसऱ्या कडव्याला कंडक्टर चुकला. बाहेरून जायचं तिथे आतून गेला. वेणीत पिवळ्यावर लाल असा एक गुंता स्पष्ट दिसला. मी लगेच लिहिलं, 'गोंधळ, सराव कमी', आणि आकडाही टाकला.

पण गोफ विणून संपत नाही, तो सोडवायचा असतो. तेच गाणं, तीच पावलं, उलट्या क्रमाने. आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की बरोबर पावलं टाकून हा गोफ सुटणारच नाही. जी चूक विणताना झाली तीच नेमक्या त्याच जागी उलटी करावी लागेल. नाही तर आठही दोऱ्या तिथेच अडकणार.

विणताना कोणी वर पाहत नव्हतं. आता आठही माना वर. गुंता जवळ आला तशी गाणाऱ्याने एकच ओळ पुन्हा घेतली, मग आणखी एकदा. घुमटवाल्याने लय निम्म्यावर आणली. गवंड्याने कंडक्टरच्या पाठीवर नुसती बोटं टेकवली. तो आत शिरला, पिवळी दोरी सैल पडली आणि लय सटकन मूळ जागी आली. टाळ्या फार पडल्या नाहीत. बऱ्याच लोकांच्या लक्षातच आलं नसावं. माझ्या अंगावर मात्र काटा आला. लय निम्मी करून पुन्हा समेवर पोचायला मला किती वर्षं लागली होती, ते मलाच माहीत.

गुणपत्रिकेत यासाठी रकाना नव्हता. खाडाखोड करून मी आकडे बदलले आणि बाजूला सही केली. तेव्हापासून मी पेन्सिलच नेते. पण त्या वाढवलेल्या ओळींमुळे पथकाची वेळ ओलांडली गेली होती आणि नियमाप्रमाणे गुण कापणं भाग होतं. सहपरीक्षकांशी मी वाद घातला, हरले. पथकाला बक्षीस मिळालं नाही. तुम्हालाही असे वाद हरावे लागतील. मग निदान मनोगताला माइक हातात येतो तेव्हा 'सर्वच स्पर्धक उत्तम' असलं गुळगुळीत बोलू नका. मी तो गुंता कसा सुटला ते सगळं सांगितलं, तेव्हा मागच्या रांगेतून कोणीतरी शिट्टी मारली.

निघताना ते म्हातारे घुमटवाले गाडीपाशी आले. मी म्हटलं, "काका, इतकं सगळं लक्षात कसं राहिलं त्यांच्या?" ते हसले. "चुकलो तो चुकलो गो बाय, पूण गोफ सुटपाक जाय न्हय?" म्हणाले, म्हणजे चुकला तो चुकला, पण गोफ सुटायला हवा ना, आणि आतली केळी गाडीत ठेवायला पोराला हाक मारली.