रेडिओवर न वाजणारे ख्रिस्ती अल्बम: शोधायचे कसे, ऐकायचे कसे

अमेरिकेतलं ख्रिस्ती संगीत म्हटलं की आधी कानावर येतं ते रेडिओवरचं. मोठं धृपद, भरपूर गिटार आणि शेवटी सगळं ठीक होईल असा दिलासा. के-लव्ह या तिथल्या मोठ्या रेडिओ जाळ्याचं ब्रीदच मुळी ‘पॉझिटिव्ह, एन्करेजिंग’ असं आहे. विलाप, शंका, चर्चच्या इतिहासावरचा राग यांना त्यात फारशी जागा नाही, आणि समीक्षकांनी उचलून धरलेले कमी परिचित अल्बम बरेचदा नेमके तिथलेच असतात. म्हणून लोकप्रिय गाण्यांची तयार प्लेलिस्ट लावून ते हाती लागत नाहीत. श्रेयनामावली धरून जावं लागतं: निर्मिती कोणाची, सोबत कोण गायलं, लेबल कोणतं.

सुरुवातीला असा अल्बम घ्या, ज्यात पुष्कळ जण एकत्र आले आहेत. ‘द पोर्टर्स गेट’ या समूहाचा ‘वर्क साँग्ज’ (2017) यासाठी उत्तम. आयझॅक वॉर्डेल यांनी गीतकार-गायकांना एकत्र बसवून रोजच्या कामाबद्दलची ही उपासनागीतं करून घेतली. ऐकताना प्रत्येक गाण्यापुढचं गायकाचं नाव टिपून ठेवा. जॉश गॅरल्स, ऑड्री असाद आणि लिझ व्हाइस ही तीन नावं मिळाली की पुढचे काही आठवडे भागतं.

गॅरल्सचा ‘लव्ह अँड वॉर अँड द सी इन बिटवीन’ 2011 चा. ‘ख्रिश्चॅनिटी टुडे’ या मासिकाने त्याला त्या वर्षीचा सर्वोत्तम अल्बम ठरवलं आणि गॅरल्सनं तो वर्षभर फुकट वाटला. फोक, हिप-हॉप, तंतुवाद्यं असं सगळं एकत्र आहे. गाणी 18, लांबी तासाभराहून जास्त. एका बैठकीत झेपत नसेल तर मधोमध थांबा, पण क्रम मोडू नका. असादचा ‘फॉर्च्युनेट फॉल’ (2013) याच्या अगदी उलट: संथ, जवळजवळ कुजबुजलेली प्रार्थना. प्रवासात लावलात तर गाडीच्या आवाजात अर्धा हरवेल. हेडफोन आणि शांत खोली हवी. लिझ व्हाइसच्या ‘देअर्स अ लाइट’मध्ये (2015) जुन्या सोल संगीताची ऊब आहे. तिघांत पटकन आवडेल असा हाच.

बायबलमधल्या स्तोत्रांवर बेतलेला अल्बम असेल तर आधी मूळ स्तोत्र वाचा, मग गाणं. सँड्रा मॅक्रॅकनच्या ‘साम्स’ला (2015) ही रीत फार उपयोगी पडते. 42 वं स्तोत्र, पाण्यासाठी लुलपणाऱ्या हरिणीचं, वाचून मग तिचं त्यावरचं गाणं ऐकलं की तिनं काय ठेवलं आणि काय गाळलं ते दिसतं. समीक्षक बोलतात ते बहुधा या गाळण्याबद्दल. नुसती चाल ऐकणाऱ्याला मात्र अल्बम एकसुरी वाटतो. पोर्टर्स गेटचा ‘लॅमेंट साँग्ज’ (2020) यानंतर घ्या. उपासनासंगीतात विलाप इतका कमी ऐकू येतो की सरळ त्यापासून सुरुवात केली तर कान बुजतात.

रॅपची वाट वेगळी. तिथे लेबल धरा: पोर्टलंडचं हंबल बीस्ट. त्यांनी आपले अल्बम विकण्याबरोबरच फुकट डाउनलोडलाही ठेवले. प्रोपगँडा या रॅपरचा ‘एक्सलंट’ (2012) शब्द समोर ठेवूनच ऐका. त्यातल्या ‘प्रेशस प्युरिटन्स’मध्ये, ज्यांची वचनं व्यासपीठांवरून गौरवानं सांगितली जातात त्या प्युरिटन (जुन्या कडव्या प्रोटेस्टंट पंथाच्या) धर्मोपदेशकांचा गुलामगिरीशी असलेला संबंध तो काढतो आणि त्यावर तेव्हा बराच वाद झाला. शेवटच्या ओळींत तो बोट स्वतःकडेही वळवतो. गाणं अर्ध्यावर सोडलं तर ते नुसतं आरोपपत्र वाटेल.

‘द वेलकम वॅगन’चा 2008 चा पहिला अल्बम निर्मात्याच्या नावावरून सापडतो: सुफयान स्टीव्हन्स. गाणारे म्हणजे ब्रुकलिनमधले एक प्रेस्बिटेरियन पाळक आणि त्यांची पत्नी. आवाज घरगुती आहेत, कुठेकुठे डगमगतात, आणि गोडी त्यातच आहे. घासूनपुसून चकचकीत केलेला आवाज हवा असेल तर हा सोडून द्या.

शोधताना घोटाळे होतात ते नावांमुळे. प्रोपगँडा हे 1980 च्या दशकातल्या एका जर्मन बँडचंही नाव, त्यामुळे नुसत्या नावानं शोधलंत तर सिंथ-पॉप वाजू लागेल. जुनी स्तोत्रं नव्यानं बांधणारा ‘पेज सीएक्सव्हीआय’ हा बँड रोमन अंकांत लिहिला जातो. अंकांत 116 टाकलंत तर रोमकरांस पत्र 1:16 वरून नाव घेतलेला रॅप समूह समोर येतो. (बँडचं नाव मात्र सी. एस. लुईस यांच्या एका नार्निया-कथेतल्या पानावरून आलं आहे.) उपाय सोपा आहे: कलाकार आणि अल्बम ही दोन्ही नावं एकत्र टाका आणि वर्ष जुळवून पाहा.

ऐकण्याआधी ॲपमधलं शफल आणि क्रॉसफेड बंद करा. क्रॉसफेड चालू राहिला तर एका गाण्याची शेपूट दुसऱ्याच्या तोंडात जाते आणि मुद्दाम ठेवलेली शांतता नाहीशी होते. पहिल्यांदा शब्दांशिवाय ऐका, दुसऱ्यांदा शब्दांसह. मग आठवडाभर बाजूला ठेवा आणि तिसऱ्यांदा लावा. समीक्षा दुसऱ्या आणि तिसऱ्या ऐकण्याच्या मध्ये वाचा; आधी वाचलीत तर तिचंच मत कानात बसतं. एका महिन्यात चारपेक्षा जास्त अल्बम घेऊ नका, नाहीतर सगळ्यांचं नुसतं पहिलं गाणं लक्षात राहतं.

वर्षअखेरच्या याद्या वापरताना किमान दोन वेगळ्या समीक्षकांच्या याद्यांत आलेलं नाव आधी घ्या. एकाच यादीत आलेलं नाव टाकू नका, मागे ठेवा. कधीकधी तो एकटा समीक्षकच बरोबर असतो.

आवडला तर विकत घ्या. 2024 पासून स्पॉटिफायवर 12 महिन्यांत 1,000 वेळा न वाजलेल्या गाण्याला मानधन मिळत नाही आणि छोट्या कलाकाराची निम्मी गाणीही त्यात अडकू शकतात. बँडकॅम्प ही कलाकारांचं संगीत थेट विकणारी साइट डिजिटल विक्रीवर साधारण 15 टक्के कापून घेतं, बाकी रक्कम व्यवहारशुल्क वजा जाता कलाकाराकडे जाते. तिथे ‘हवी ती किंमत’ असं लिहिलेलं असेल तर शून्य टाकण्याआधी तो अल्बम आपण कितीदा ऐकला ते आठवा. डाउनलोड करताना फ्लॅक (आवाजातलं काही न गाळणारा फाइल-प्रकार) निवडा. त्यातून एमपी3 केव्हाही करता येते, एमपी3 मधून गेलेला आवाज परत आणता येत नाही.