दोन हातांचं बीपी वेगळं येतंय? या चुका टाळा

शुक्रवारी म्हापशाच्या बाजारातून पिशव्या सांभाळत आलेल्या आजींचं प्रेशर आल्याआल्या घेतलं. उजव्या हाताला १५८, डाव्याला १४०. पाच मिनिटं शांत बसवून पुन्हा घेतलं, तर फरक जेमतेम चारचा!

सर्वांत मोठी घोडचूक हीच. पहिलं रीडिंग बहुधा चढतं, पुढची उतरतात. म्हणून आधी घेतलेला हात उगाचच 'जास्त' ठरतो. शक्य असेल तर दोन यंत्रं लावून दोन्ही हातांचं एकाच वेळी घ्या. यंत्र एकच असेल तर उजवा, डावा, परत उजवा. उजव्याची दोन रीडिंग एकमेकांशी जुळत नसतील तर तो फरक हाताचा नाही, वेळेचा.

पट्टा दोन्हीकडे एकाच मापाचा हवा. शर्टाची बाही वर गुंडाळून दंड आवळू नका. हात हृदयाच्या पातळीला टेकवा; लोंबता हात दहा सेंटिमीटर खाली असला तरी सात-आठ अंक फुकट वाढतात. बोलणं बंद. (आमच्याकडे हे सर्वांत कठीण.)

'दुसरो हात कित्याक?' (दुसरा हात कशाला?) असं पेशंट विचारतात. नेहमी डावाच हात घ्यायची सवय असेल तर धोका आहे. हाताकडे जाणारी धमनी डाव्या बाजूला जास्त वेळा अरुंद होते, म्हणजे तिथे १२८ दिसेल आणि खरं बीपी उजव्या हातात १४६ असेल. डायलिसिसचा फिस्टुला (त्यासाठी शीर-धमनी जोडून केलेली जोडणी) असलेल्या किंवा स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढलेल्या बाजूला मात्र पट्टा बांधू नका.

वरच्या आकड्यात दहापर्यंतचा फरक चालतो. पंधरा किंवा जास्त फरक पुन्हा पुन्हा आला, तर दोन्ही मनगटांची नाडी एकदम चाचपा. काम करताना हात भरून येतो का, चक्कर येते का, विडी-सिगारेट, मधुमेह आहे का, हे विचारा आणि डॉप्लर (धमनीतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) सांगा. तरुण मुलीची नाडी एका हाताला लागतच नसेल तर धमन्यांच्या दाहाचा विचार करा. छातीत किंवा पाठीत फाटल्यासारखी कळ आणि हा फरक एकत्र दिसला, तर फेरमोजणीत वेळ घालवू नका. १०८ बोलवा, थेट बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज.

शेवटचं, कार्डावर 'उजवा' किंवा 'डावा' लिहा आणि पुढे जास्त येणाऱ्या हातावरच मोजा. आमच्याकडे एकदा ते लिहायचं राहिलं. पुढच्या खेपेला कमी येणारा हात मोजला गेला, आणि काकांनी खुशीत गोळी बंद केली.