लॅपटॉपमध्ये ड्रम किट बसवताना: नोट नंबर, बफर आणि तिसरा हात

शनिवार पेठेत दोन खोल्यांच्या घरात खरं ड्रम किट आणलं तर पहिल्याच रोलला खालचे काका वर येणार, आणि दुपारचे एक ते चार असतील तर काकूपण. गणपतीत दहा दिवस गल्लीत ढोल चालतो पण एरवी घरात स्नेअर (किटमधला कडक आवाजाचा ड्रम) चालत नाही, असा आमच्याकडचा हिशोब आहे. म्हणून मग प्लगिन, म्हणजे लॅपटॉपवरच्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या आत बसणारं ड्रम किट.

फिरोदिया करंडकाच्या (कॉलेजांची स्पर्धा) तयारीतल्या तीन पोरांना मी हा सेटअप बसवून दिला आणि तिघंही एकाच ठिकाणी अडकलेली होती. प्लगिन लोड झालंय, स्क्रीनवर झकास किट दिसतंय, आणि जोडलेल्या कीबोर्डची पट्टी दाबली की किकच्या (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) जागी टॉम (हाताने वाजवायचा गोल ड्रम) वाजतोय. मग पोरं काय करतात, तर प्लगिन खराब आहे म्हणून दुसरं डाउनलोड करतात, मग तिसरं. अहो, प्लगिनमध्ये काही बिघडलेलं नसतं, नंबरात झोल असतो, त्यावर खाली येतोच.

मी रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर धरून सांगतोय कारण ते हलकं आहे, जुन्या लॅपटॉपवर पळतं आणि साठ दिवस सगळं वापरून बघता येतं, नंतर साधं लायसन ६० डॉलरला. दुसरं काही वापरत असाल तर मेनूची नावं बदलतील, गोष्ट तीच. प्लगिन म्हणून सुरुवातीला एमटी पॉवर ड्रम किट २ घ्या, फुकट आहे, उघडताना देणगीची आठवण करून देणारी एक खिडकी येते ती स्किप करायची. सुपिरिअर ड्रमर ३ वगैरे भारी आहे, प्रश्नच नाही, पण त्याची लायब्ररी २३० जीबीच्या वर आहे आणि तुमच्या २५६ च्या एसएसडीत आधीच बहिणीच्या लग्नाचे फोटो आहेत.

इन्स्टॉल करताना प्लगिन व्हीएसटी३ या प्रकारचं असेल तर विंडोजवर ते सी ड्राइव्हमधल्या प्रोग्राम फाइल्स, कॉमन फाइल्स, व्हीएसटी३ या फोल्डरमध्ये जातं, तिथेच जाऊ द्या. जुन्या व्हीएसटी२ प्रकाराला अशी एक ठरलेली जागा नाही, ज्या फोल्डरमध्ये टाकाल त्याचा पत्ता रीपरला सांगावा लागतो. कंट्रोल-पी दाबून प्रेफरन्सेस उघडा, प्लगिन्समध्ये व्हीएसटी, तिथे पत्ता टाकून री-स्कॅन. मग वर ट्रॅक मेनूतून इन्सर्ट व्हर्च्युअल इन्स्ट्रुमेंट ऑन न्यू ट्रॅक, यादीतून प्लगिन निवडलं की ट्रॅक तयार. जास्त आउटपुटवालं प्लगिन असेल तर रीपर विचारतं की प्रत्येक आउटपुटचा वेगळा ट्रॅक बनवू का, पहिल्या दिवशी नाही म्हणा, पंधरा-सोळा ट्रॅक बघून घाबरायला होतं. किक आणि स्नेअरला वेगळा ईक्यू (आवाजातलं जाड-बारीक कमीजास्त करणं) लावायची वेळ येईल तेव्हा ते करू.

आता आवाज येत नाही म्हणून फोन करायच्या आधी ट्रॅकवरचं लाल बटण चालू आहे का, इनपुटमध्ये मिडी (कुठली पट्टी किती जोरात दाबली हे कीबोर्ड लॅपटॉपला सांगतो ती भाषा) निवडलंय का, ऑल इनपुट्स, ऑल चॅनल्स, आणि मॉनिटरिंग ऑन आहे का हे बघा, आणि प्रेफरन्सेसमध्ये मिडीच्या पानावर तुमचा कीबोर्ड एनेबल केलाय का तेही. कीबोर्डच नसेल तर ऑल्ट-बी दाबा, स्क्रीनवर पट्ट्या येतात, तात्पुरतं भागतं.

तर नंबर. मिडीमध्ये प्रत्येक पट्टीला ० ते १२७ मधला एक नंबर असतो आणि जनरल मिडी नावाच्या ठरलेल्या नकाशात किक ३६ वर, साइड स्टिक ३७, स्नेअर ३८, बंद हायहॅट (पायाने उघडमीट होणारी झांजांची जोडी) ४२, पायाने दाबलेला ४४, उघडा ४६, क्रॅश झांज ४९, राइड झांज ५१, मधल्या नंबरांत टॉम. बहुतेक ड्रम प्लगिन निदान किक, स्नेअर आणि हॅटपुरतं हेच पाळतात. पण आपण विकत घेतो तो २५ पट्ट्यांचा छोटा कीबोर्ड, त्याची सगळ्यात डावीकडची पट्टी बऱ्याचदा ४८ असते. ४८ म्हणजे टॉम! म्हणून डावीकडून सुरू केलं की टॉम आणि क्रॅशचाच गोंधळ ऐकू येतो आणि किक सापडतच नाही. कीबोर्डवरचं ऑक्टेव्ह मायनस बटण एकदा दाबा, सगळं बारा नंबर खाली सरकतं, डावीकडची पहिली पट्टी ३६ होते आणि धप्प करून किक वाजते. मी स्वतः या एका बटणापायी एक अख्खी रात्र घालवलीये, सकाळी दूधवाला आला तेव्हा कळलं.

यातच अजून एक काडी अशी की नोटची नावं सगळीकडे सारखी नाहीत. तोच ३६ एबलटनमध्ये सी१ दिसतो आणि रीपरमध्ये सी२, त्यामुळे व्हिडिओत कोणी किक सी१ वर आहे म्हणालं तर तुम्ही बारा नंबर खाली क्लिक करत बसता. नाव सोडा, नंबर धरा. मिडी एडिटरमध्ये नेम्ड नोट्सचा व्ह्यू घेऊन डावीकडे किक, स्नेअर, हॅट असं एकदा लिहून ठेवलं तर कायमची कटकट जाते.

दुसरी तक्रार असते की दाबल्यावर आवाज उशिरा येतो. तो बफरचा खेळ, म्हणजे लॅपटॉप आवाज एका वेळी किती साठवून मग सोडतो त्याचा. बफर १०२४ सॅम्पल (आवाजाचे बारीक तुकडे) आणि रेट सेकंदाला ४४१०० तुकडे असेल तर साधारण २३ मिलिसेकंद उशीर, आणि तेवढ्या वेळात आवाज हवेतून जवळजवळ आठ मीटर जातो. म्हणजे ताशा तुमच्या हातात आहे पण ऐकू येतोय आठ मीटर लांबून, कसा ठेका धरणार? १२८ केलं की तीनच्या आत येतं, फक्त बफरचं बरं का, ऑडिओ इंटरफेस (आवाजाची बाहेरून जोडायची पेटी) आणि ड्रायव्हरचा थोडा उशीर वरून असतोच. त्यासाठी ऑडिओ डिव्हाइसमध्ये एएसआयओ (कमी उशिराचा ड्रायव्हर प्रकार) निवडा, इंटरफेस असेल तर त्याच्या कंपनीचा ड्रायव्हर, नसेल तर एएसआयओफॉरऑल. चर्र चर्र आवाज यायला लागला तर २५६ वर जा, आणि वाजवून झाल्यावर मिक्सिंगला परत १०२४, तेव्हा उशीर झाला तरी काही फरक पडत नाही.

आता खरी मजा. चार मात्रांचा एक बार घ्या, ट्रॅकवर मिडी आयटम टाकून डबल क्लिक, एडिटर उघडतो. पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला ३६, दुसऱ्या आणि चौथ्याला ३८, आणि ४२ वर बारभर आठ हॅट. प्ले करा. शिवणयंत्र वाटतंय ना? कारण माउसने टाकलेल्या सगळ्या नोटची व्हेलॉसिटी, म्हणजे ठोक्याचा जोर, एकच असते. ढोल पथकाची प्रॅक्टिस नदीपात्रात उभं राहून कधी ऐकली असेल तर आठवा, टिपरू प्रत्येक वेळी सारख्या जोराने पडत नाही, समेला जोर असतो आणि मधले हात अलगद जातात. तेच इथे करायचं. मात्रेवरचा हॅट ९०च्या आसपास ठेवा, मधला ६०-६५, आणि एखादा ७२ पण असू दे. स्नेअर ११०, पुढच्या बारला १०५. मग चौथ्या मात्रेच्या जरा आधी ३५ व्हेलॉसिटीचा एक हळू स्नेअर टाका, नीट ऐकू येत नाही पण काढला की काहीतरी गेल्यासारखं वाटतं. सगळं १२७ वर ठेवू नका, चांगल्या प्लगिनमध्ये हळू आणि जोरात वाजवलेल्या ड्रमची वेगवेगळी रेकॉर्डिंग असतात, तुम्ही फक्त सगळ्यात वरचंच वाजवत बसाल.

एडिटरमध्ये एच दाबलं की ह्युमनाइज येतं, ते वेळ आणि व्हेलॉसिटी आपोआप थोडी हलवतं. मला ते फारसं पटत नाही, कारण ते कुठलीही नोट कशीही हलवतं, वाजवणारा माणूस असा चुकत नाही. त्यापेक्षा हाताने स्नेअर पाच-सात मिलिसेकंद मागे ओढा, ठेका लगेच निवांत होतो.

आणि हात मोजा! ड्रमरला दोनच हात असतात. क्रॅश, स्नेअर आणि बंद हॅट एकाच क्षणी वाजले तर तिसरा हात कुणाचा? क्रॅश टाकला की तिथला हॅट काढा. फिल (ठेका सोडून मधे भरलेला तुकडा) चालू असताना हॅट तसाच चालू ठेवणं ही तर सगळ्यांचीच चूक, माझ्या जुन्या प्रोजेक्टमध्ये ढिगाने सापडेल.

ढोल हवाच असेल तर जनरल मिडीच्या ड्रमच्या यादीत तो नाही. सिताला नावाचं फुकट सॅम्पलर आहे, सोळा पॅडचं, त्यात आपले ठोके टाकता येतात. फक्त पथकाच्या अगदी जवळ फोन धरून रेकॉर्ड करू नका, आवाज फाटतो. ओळखीतल्या एखाद्याला एकट्याला वाजवायला लावा, चार-पाच पावलं लांब उभे राहा, आणि हळू, मध्यम, जोरात असे वेगळे ठोके घेऊन वेगळ्या पॅडवर ठेवा.

लॅपटॉप धापा टाकायला लागला तर ट्रॅकवर राइट क्लिक करून फ्रीझ (ट्रॅकचा तयार ऑडिओ बनतो), बदल करायचा असला की अनफ्रीझ. आणि प्लगिनचे प्रीसेट बऱ्याचदा आधीच कॉम्प्रेस करून फुगवलेले असतात, तेव्हा गिटार-गाणं यायच्या आधी ड्रम्सचा फेडर सहा डीबी खाली ओढून ठेवा.

एवढं जमलं की त्याच राइट क्लिकमधून ट्रॅक टेम्प्लेट म्हणून सेव्ह करा, नावात तारीख घाला. माझ्याकडे 'ड्रम फायनल', 'ड्रम फायनल खरा' आणि 'ड्रम हाच वापर' अशी तीन आहेत आणि वापरतो मी चौथंच.